नाटकाच्या पायाखाली काय घालावं?

कोल्हापूरचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. आपल्यापैकी अनेकांनी ती आग इथे आखातात बसून मोबाइलवर पाहिली. शाहू महाराजांनी 'पॅलेस थिएटर' म्हणून बांधून घेतलेली ही वास्तू १९१५ मध्ये उभी राहिली, १९५७ मध्ये तिला केशवरावांचं नाव मिळालं, आणि एका रात्रीत छप्पर, रंगमंच, खुर्च्या, सगळं गेलं. दगडी भिंती तेवढ्या राहिल्या.

त्या नाट्यगृहाला लागूनच खासबागचं कुस्ती मैदान आहे. तेही शाहू महाराजांनीच बांधलं. कोल्हापूरकडच्या वाचकांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते: कुस्तीच्या हौद्यातली लाल माती ही नुसती माती नसते. ती चाळतात, तिच्यात ताक, हळद, तेल, लिंबू कालवतात, खोऱ्याने वरखाली करतात. पैलवानाचं अंग सोलपटू नये, आपटल्यावर हाड दुखावू नये, जखम चिघळू नये म्हणून हा सगळा खटाटोप. वस्ताद ती माती मुठीत घेऊन दाबून बघतो. भिंतीपलीकडच्या रंगमंचाची फळी मात्र अशी दाबून बघायला कुणी जात नाही. नट कोण, नेपथ्य कुणाचं, ध्वनी नीट येतोय का, खुर्च्यांना ढेकूण आहेत का, इथपर्यंत आपली चौकशी पोचते. नट ज्यावर उभा असतो ते काय आहे, हे विचारायचं सुचत नाही. तमाशाच्या फडात रंगमंचाला सरळ 'बोर्ड' म्हणतात. बोर्डावर येणं, बोर्ड गाजवणं. त्या लोकांना आपल्या पायाखाली काय आहे हे पक्कं ठाऊक होतं असं दिसतं.

मला हे विचारायची वेळ आली ती शारजातल्या एका शाळेच्या सभागृहामुळे. दुबईत मोठं ऑपेरा हाऊस आहे, शेख राशिद ऑडिटोरियमसारखी भारतीय कार्यक्रमांच्या सवयीची जागा आहे, पण मंडळाचं मधल्या आकाराचं नाटक, मुलांचं स्नेहसंमेलन, गणपतीतला नाचांचा कार्यक्रम हे बहुतेक वेळा कुठल्या ना कुठल्या शाळेच्या सभागृहात होतं. आमच्याही नशिबी असंच एक सभागृह आहे. त्याचा रंगमंच म्हणजे काँक्रीटचा चौथरा आणि त्यावर चिकटवलेली लाकडी नक्षीची विनाइल पट्टी. दहा-बारा वर्षांत पट्ट्यांच्या कडा उचलल्या, मधे फुगवटे आले, त्यावर काळी टेप, टेपवर टेप. शाळेने उन्हाळ्याच्या सुट्टीत जमीन बदलायचं ठरवलं आणि सभागृह वापरणाऱ्यांची मतं मागवली, हे त्यांचं मोठेपण. आमच्याकडून तिघं गेलो: एक कथकच्या ताई, बांधकाम कंपनीत काम करणारे आणि मंडळाच्या नाटकांचं नेपथ्य उभं करणारे एक दादा, आणि मी. मी शिक्षिका होते, वार्षिक संमेलनात पन्नास-पन्नास मुलं त्याच चौथऱ्यावर नाचवली आहेत. तालमीनंतर गुडघे आणि नडगी धरून बसणारी मुलं मी पाहिली आहेत. घरी जाऊन आया बाम लावायच्या आणि म्हणायच्या, सवय नाही ना त्याला.

सवयीचा प्रश्न नव्हता. काँक्रीट धक्का शोषत नाही. उडी मारून खाली आलं की सगळा दणका घोट्यातून, नडगीतून, गुडघ्यातून परत वर जातो, आणि एका तालमीत अशा शेकडो उड्या असतात. वरचं आवरण विनाइलचं असो की उंची लाकडाचं, ते काँक्रीटला थेट चिकटवलेलं असेल तर पायाला काँक्रीटच लागतं. बंदिस्त क्रीडागृहांच्या जमिनींसाठी ईएन १४९०४ नावाचं युरोपियन मानक आहे. त्यात काँक्रीटच्या तुलनेत किमान २५ टक्के धक्का जमिनीने शोषला पाहिजे अशी अट आहे, आणि वरची मर्यादा ७५ टक्के, कारण फार मऊ जमिनीत पाय रुततो, मुरगळतो. बॅडमिंटनच्या मुलांसाठी जर हे पाहतात, तर कोळीनृत्याच्या मुलांसाठी का पाहू नये, हा माझा साधा मुद्दा होता. बैठकीत तो पहिल्या फटक्यात कुणाला पटला नाही. कॉन्ट्रॅक्टरने आणलेल्या नमुन्यांची पेटी टेबलावर उघडी होती आणि सगळ्यांचे डोळे त्या चकचकीत तुकड्यांवर होते.

इथे थोडं विषयांतर करून न्यूयॉर्कला जाते. तिथल्या प्रसिद्ध कार्नेगी हॉलचं १९८६ मध्ये मोठं नूतनीकरण झालं. हॉल पुन्हा सुरू झाल्यावर वादक आणि समीक्षक कुरकुर करू लागले की आवाज पूर्वीसारखा राहिला नाही. रंगमंचाखाली काँक्रीट घातलं असावं असा संशय काहींनी बोलून दाखवला. व्यवस्थापनाने तो फेटाळला. पुढे लाकडी जमीन बिघडली म्हणून १९९५ मध्ये ती उचलली, तर खाली खरंच काँक्रीट निघालं. ते फोडून काढलं आणि नवी लाकडी जमीन घातली. जगातले उत्तमोत्तम कान जिथे बसतात तिथे जमिनीच्या पोटात काय आहे हे जवळपास नऊ वर्षं नक्की कळलं नाही. तेव्हा शारजातल्या शाळेत आम्ही तिघांनी 'वर काय' याआधी 'खाली काय' असा हट्ट धरला, यात फार काही वावगं नव्हतं.

खाली काय हवं, त्याची रचना दादांनी कागदावर काढून दाखवली. ती मी पोळपाटावर पोळ्या रचाव्यात तशी सांगते. काँक्रीटवर आधी जाड पॉलिथिनचा कागद, म्हणजे ओल वर येणार नाही. त्यावर ठरावीक अंतरावर रबराच्या गाद्या, साधारण साबणाच्या वडीएवढ्या. गाद्यांवर लाकडी वासे. वाशांवर प्लायवूडचा एक थर आडवा, त्यावर दुसरा उभा, दोन्हींचे सांधे एकावर एक येणार नाहीत असे. यावर शेवटचा पातळ थर, जो आपल्याला दिसतो. चालताना ही जमीन हलते असं वाटत नाही, पण उडी मारली की रबर दबतं आणि लगेच परत येतं. पोटातली ही रचना एकदाच होते आणि पुढची वीस वर्षं कुणी उघडत नाही. पैसे घालायचे तर तिथे.

कॉन्ट्रॅक्टरच्या पहिल्या कोटेशनमध्ये नेमकं उलट होतं. वर देखणं, मधाळ रंगाचं पॉलिश केलेलं लाकूड आणि खाली पातळ फोम. व्यवस्थापनाला तेच आवडलं होतं, कारण बक्षीस समारंभाच्या फोटोत ते छान दिसतं. त्यांचं अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही. सकाळच्या प्रार्थनेला काळीकुट्ट जमीन सभागृहाला गोदामाची कळा आणते. पण चकचकीत जमिनीवर प्रकाशझोत टाकला की तो उसळून छताला आणि पहिल्या रांगेच्या डोळ्यांत जातो. अंधारात एकट्या नटाला उजळायचं आणि बाकी काही दिसू द्यायचं नाही, हे तिथे जमतच नाही. आणि एक स्क्रू मारला की तो फोटोत दिसतो, म्हणून मग शाळा पाटी लावते: रंगमंचावर खिळे-स्क्रू मारू नयेत. मग नेपथ्याचे फ्लॅट उभे करायचे कसे? वाळूच्या पिशव्या टाकून. दुसऱ्या अंकात दार आपटलं की भिंत थरथरते आणि प्रेक्षक हसतात.

दुसरा पर्याय होता मेपलचा, बास्केटबॉलच्या मैदानांवर असतो तो. लाकडाचा कठीणपणा मोजायची एक चाचणी आहे. पोलादाची लहान गोळी अर्धी आत रुतेपर्यंत दाबायची आणि किती जोर लागला ते पाहायचं. मेपलला सुमारे १,४५० पौंड लागतात, सागवानाला हजार-अकराशेच्या आसपास, पांढऱ्या पाइनला जेमतेम ३८०. कागदावर मेपल जिंकतो. पण रंगमंचाला कठीण लाकूड हवंच असं नाही, उलट नेपथ्यवाल्याला स्क्रू सहज आत जाईल आणि काढल्यावर भोक बुजेल असं लाकूड हवं असतं. म्हणून नाटकाच्या रंगमंचाला पुष्कळ ठिकाणी नरम लाकूड किंवा प्लायवूड वापरतात.

सागवान आपल्या माणसांनी सुचवणार नाही असं होईल का? मंडळातल्या एका काकांनी, ते चंद्रपूरचे, फोन करून सांगितलं की नव्या संसद भवनाला महाराष्ट्राचं सागवान चाललं, मग शारजाच्या शाळेला का नाही. वर इथल्या खाडीतल्या लाकडी जहाजांचा दाखला दिला. तो दाखला खराच मोलाचा आहे. या किनाऱ्यावरच्या ढोव कितीतरी पिढ्या मलबारच्या सागवानाने बांधल्या गेल्या, आणि दुबई ऑपेराची इमारतही त्या जहाजाच्या आकाराची आहे. पण जहाजाचं लाकूड पाण्यात पडलं की फुगतं, फळ्या एकमेकींना घट्ट भिडतात आणि फटी बुजतात. जहाज त्या फुगण्यावरच तरतं. रंगमंचावर तेच फुगणं जमीन उखडतं. शिवाय सागवान अंगचं तेलकट, त्यावर रंग आणि गोंद नीट धरत नाहीत, आणि दर दोन वर्षांनी काळा रंग फासायच्या जमिनीला सागवान घालायचं म्हणजे पैठणीचं पायपुसणं करायचं. काकांना हे पटलं. निदान पुढचा फोन दुसऱ्या विषयावर होता.

फुगण्याचा मुद्दा मात्र इथे कुठल्याही लाकडाला लागू आहे, आणि मला वाटतं या साऱ्या प्रकरणातला खरा मुद्दा तोच होता. परदेशातली, विशेषतः युरोपातली, जमिनीची माहितीपत्रकं वाचून आपण इथे साहित्य निवडतो तेव्हा तो निसटतो. आपण वाळवंटात राहतो म्हणून हवा कोरडी असं भारतातल्या नातेवाइकांना वाटतं. ऑगस्टच्या रात्री शारजाच्या कॉर्निशवर या म्हणावं, चष्म्यावर धुकं जमतं. समुद्रकाठच्या या शहरांत उन्हाळ्याच्या रात्री हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या पुढे सहज जाते. सभागृहात एसी चालू असतो तोवर आतली हवा चाळीस-पन्नास टक्क्यांवर राहते. लाकूड हवेशी सतत देवाणघेवाण करत असतं. चाळीस टक्के आर्द्रतेत लाकडात वजनाच्या साडेसात टक्क्यांच्या आसपास पाणी राहतं, ऐंशीत ते पंधरा-सोळापर्यंत चढतं. आता शाळेची सुट्टी डोळ्यांपुढे आणा. जुलैच्या सुरुवातीला शाळा बंद, वीज वाचवायला एसी बंद, ऑगस्टअखेर शाळा उघडते तेव्हा एसी पुन्हा जोरात. म्हणजे दरवर्षी सात-आठ आठवडे लाकूड पाणी पितं आणि मग दोन आठवड्यांत ते सगळं ओकतं.

दादांनी याचं गणित मांडलं, ते मला फार आवडलं. ६० मिलिमीटर रुंदीची मेपलची एक फळी एवढ्या फरकात रुंदीत साधारण एक मिलिमीटर वाढते. एक मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. पण नऊ मीटर खोल रंगमंचावर अशा दीडशे फळ्या शेजारी शेजारी बसतात. दीडशे मिलिमीटर. पंधरा सेंटिमीटर लाकूड जास्तीचं, आणि चारी बाजूंना भिंत. फळ्या थोडं एकमेकींना चेपून घेतात, भिंतीजवळ सोडलेल्या फटीत थोड्या सरकतात, आणि उरलेल्या वर उचलतात. आमच्या जुन्या पट्ट्यांखालचं जे काय होतं ते असंच फुगलं होतं का, हे आता सांगता यायचं नाही, पण बैठकीत हे गणित ऐकल्यावर मेपलचा नमुना कुणी पुन्हा हातात घेतला नाही.

प्लायवूड या बाबतीत शहाणं. लाकूड आडवं फुगतं, उभं जवळजवळ नाही. प्लायवूडमध्ये पातळ पापुद्रे आळीपाळीने आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून प्रत्येक पापुद्रा शेजाऱ्याला धरून ठेवतो. एकत्र कुटुंबासारखं, हवं तर म्हणा. मात्र प्लायवूड म्हणजे बाजारात त्या नावाने मिळेल ते नव्हे. गोंद पाणी सोसणारा हवा. भारतात ज्याला मरीन प्लाय म्हणतो त्याला आयएस ७१० हे मानक आहे. इथे शारजाच्या औद्योगिक भागात दुकानोदुकानी 'मरीन' असा शिक्का मारलेलं प्लायवूड मिळतं, आणि शिक्का मारायला एक रबर आणि शाई लागते. दादांची परीक्षा सोपी. दुकानदाराकडून हातभर तुकडा मागायचा, घरी पातेल्यात तासन्‌तास उकळायचा, आणि पापुद्रे सुटतात का ते पाहायचं. आमच्या घरी तीन दुकानांचे तीन तुकडे उकळले. एकाचं पुस्तक उघडावं तसं पान न्‌ पान सुटलं. पातेलं टाकून द्यावं लागलं, वास जाईना. त्या वासावरून आणखी एक गोष्ट विचारायला शिकलो: गोंदातलं फॉर्माल्डिहाइड. मुलांच्या जागेसाठी किमान ई१ दर्जाचं प्लायवूड मागावं, आणि कागद पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

कागदावरून आठवलं, आग. कोल्हापूरची दृश्यं सगळ्यांच्या मनात होती, त्यामुळे हा विषय कुणाला समजावून द्यावा लागला नाही. इथे सिव्हिल डिफेन्सची मान्यता असलेलंच साहित्य वापरावं लागतं. पण कॉन्ट्रॅक्टरने पुढे केलेलं प्रमाणपत्र भिंतीच्या पॅनेलचं निघालं. युरोपियन वर्गीकरणात जमिनीच्या साहित्याची श्रेणी वेगळी असते, तिला 'एफएल' अशी खूण असते. ती खूण नसेल तर ते प्रमाणपत्र जमिनीचं नाही, एवढं कुणीही वाचून ओळखू शकतं. माझं मराठी साहित्याचं एमए इथे कामाला आलं म्हणायचं, सूक्ष्म वाचन.

आता वरचा थर. यावर कथकच्या ताई आणि दादा यांचं जे जुंपलं त्यावर एक एकांकिका होईल. आजकाल नाचासाठी गुंडाळता येणारं विनाइल मिळतं. नाचणारे त्याला 'मार्ली' म्हणतात. मार्ली ही ब्रिटिश कंपनी, तिने ते बनवणं केव्हाच सोडलं, पण वनस्पती तुपाला आपण जसं डालडा म्हणत राहिलो तसं ते नाव चिकटून राहिलं. बॅलेच्या, आधुनिक नाचाच्या मुलांना ते उत्तम, घसरत नाही. ताईंचा त्याला साफ नकार. अनवाणी पायाने एकामागून एक चक्कर घ्यायचे तर तळवा फिरला पाहिजे. विनाइलवर तो धरला जातो, कातडी भाजते आणि गुडघा पिळवटतो. शिवाय तत्काराला आवाज हवा. पायात शंभरावर घुंगरू बांधायचे आणि खाली रबरी गादीवर आपटायचे, यात काय राम?

दादांचं म्हणणं हार्डबोर्ड. ही वस्तू अमेरिकेत विल्यम मेसन या माणसाने १९२४ मध्ये शोधली. लाकूड गिरणीतला वाया जाणारा भुसा-ढलप्या वाफेच्या दाबाने फोडून त्याच्या तंतूंचा दाबून पातळ तक्ता करायचा. लाकडातलाच नैसर्गिक चिकटपणा त्याला धरून ठेवतो. त्याच्या कंपनीवरून त्याला मॅसोनाइट म्हणतात. त्यातही तेल पाजून भाजलेला, 'टेम्पर्ड', घ्यायचा, तो घट्ट आणि पाण्याला जरा जास्त टिकतो. सहा मिलिमीटरचे तक्ते प्लायवूडवर स्क्रूने बसवायचे, मॅट काळा रंग द्यायचा. तक्ता गुळगुळीत, ढलपी निघत नाही, अनवाणी पायाला बरा, चक्कर फिरतो, स्क्रू जातो. भोकं पडली, फिरत्या नेपथ्याच्या चाकांनी चरे पडले, तर तो एक तक्ता काढून दुसरा लावायचा. १९६२ च्या 'तो मी नव्हेच'चा फिरता रंगमंच गावोगावच्या रंगमंचांवर बसवला जायचा. त्या वजनाने आणि चाकांनी किती फळ्यांचे हाल झाले असतील ते त्या फळ्यांनाच ठाऊक. वरचा थर झिजायचाच असतो, खासबागच्या मातीत जसं दर काही दिवसांनी नवं ताक-तेल घालावंच लागतं.

हार्डबोर्डवर ताई राजी झाल्या. काळ्या रंगाने तळवे काळे होतात, त्याला त्यांनी तोंड वाकडं केलं, पण चक्कर घेऊन पाहिल्यावर मान हलवली. खरं भांडण झालं ते पोकळीवरून. वाशांमधल्या रिकाम्या जागेमुळे जमीन पखवाजासारखी घुमते. ताईंना ते हवं होतं, पायाला साथ मिळते म्हणून. ध्वनी सांभाळणाऱ्या मुलाला ते नको होतं, कारण नाटकात प्रत्येक पाऊल माइकमध्ये धडधडतं आणि हळू आवाजातला संवाद बुडतो. पोकळीत रॉकवूल भरलं की घुमणं दबतं. शेवटी भरायचं ठरलं, कारण वर्षाला नाटकं आणि भाषणं जास्त आणि कथकचे कार्यक्रम दोन. तत्कारासाठी जमिनीलगत एक माइक ठेवता येतो. ताईंनी हे मान्य केलेलं नाही, नुसतं ऐकून घेतलं आहे, आणि भेटल्या की अजून बोलून दाखवतात. मला विचाराल तर त्यांचं दुःख खरं आहे. माइकमधून आलेला तत्कार आणि लाकडातून आलेला तत्कार हे वेगवेगळे ऐकू येतात. पण एकाच जमिनीवर सगळ्यांना नाचायचं आणि बोलायचं असतं तेव्हा कुणाचं तरी काहीतरी जातं.

एक गोष्ट आमच्या कुणाच्याच लक्षात आली नव्हती, ती शाळेच्या शिपाईमामांनी विचारली. रबर, वासे, प्लायवूडचे दोन थर, वर हार्डबोर्ड, हे सगळं मिळून चौथरा जवळजवळ दहा सेंटिमीटर उंच होणार. मग पायऱ्यांचं काय? शेवटची पायरी एकदम उंच झाली तर अंधारात विंगेतून चढणारं मूल तोंडावर आपटणार. दारांच्या चौकटी, चाकाच्या खुर्चीचा उतार, पडद्याची उंची, सगळं त्या दहा सेंटिमीटरने बदलतं. पायऱ्या पूर्ण नव्याने, सगळ्या सारख्या उंचीच्या, करून घेतल्या. हे कोटेशनमध्ये आधी नव्हतं, ते तेव्हा घातलं.

काम जुलै-ऑगस्ट २०२५ मध्ये झालं. रंगमंच बारा मीटर रुंद, नऊ मीटर खोल. आठ फूट बाय चार फुटांचे प्लायवूडचे चाळीसेक तक्ते एका थराला लागले. ते आणल्या आणल्या ठोकायचे नाहीत. दोन आठवडे एसी चालू ठेवून सभागृहात मधे पट्ट्या घालून रचून ठेवले, म्हणजे ते जिथे राहायचंय तिथल्या हवेला सरावले. भिंतीपासून बारा मिलिमीटरची फट सगळीकडून सोडली आणि ती झाकणपट्टीने झाकली. सुतार दोघे राजस्थानचे, एक केरळचा. तिघांनी मिळून वासे पातळीत आणायला चार दिवस घेतले आणि बाकी सगळं सहा दिवसांत संपवलं. पातळी जिथे चुकते तिथे पुढे जमीन करकरते, आणि करकरणारी जमीन मरणाच्या प्रवेशात हमखास करकरते.

व्यवस्थापनाशी सर्वांत लांबलेली बोलणी लाकडावरून झाली नाहीत, एसीवरून झाली. सुट्टीत एसी पूर्ण बंद करायचा नाही, तो थोडा चढ्या तापमानावर चालू ठेवायचा आणि जोडीला ओल शोषणारं यंत्र लावायचं, हे आम्ही लेखी मागितलं. हिशेबनीसांनी विजेच्या बिलाचा आकडा पुढे केला. दादांनी नवी जमीन पाच वर्षांत पुन्हा घालायला लागली तर येणारा आकडा पुढे केला. दोन महिने हे चाललं. अखेर आर्द्रता मोजणारं एक छोटं घड्याळ विंगेत लावलं, ते साठच्या वर गेलं की यंत्र चालू करायचं आणि नोंदवहीत लिहायचं, असं ठरलं. वही शिपाईमामांकडे आहे. सप्टेंबरपर्यंतच्या नोंदी मी पाहिल्या. अक्षर सुरेख आहे आणि एकही दिवस सुटलेला नाही.

मंडळाचे गणपतीचे कार्यक्रम नव्या जमिनीवर झाले. कोळीनृत्याच्या मुली दोन तास उड्या मारून खाली उतरल्या आणि कुणी नडगी धरून बसलं नाही. एकीच्या पांढऱ्या पोलक्याला काळा रंग लागला, तिच्या आईने मला शोधून काढून दाखवला. पुढच्या खेपेला रंग वाळायला चार दिवस जास्त द्यायचे. नाटकाच्या मुलांनी दिवाणखान्याचा सेट लावताना जमिनीत सव्वीस स्क्रू मारले, दुसऱ्या दिवशी काढले, लांबी भरली, वर ब्रश फिरवला. विंगेमागे रंगवून तयार ठेवलेले हार्डबोर्डचे बारा जादा तक्ते आहेत. त्यातला एक वापरून झाला. ज्यांचं पुढचं नाटक असेल त्यांनी स्क्रू तीस मिलिमीटरपेक्षा लांब आणू नयेत, कारण खाली रॉकवूल आणि रबर आहे. आणि चहाचे कप विंगेतच ठेवावेत.